धामणीची चौथी काठी

कान भरलेत कुणीतरी तुमचे, आबा. कोणी भरले ते मी विचारत नाही, विचारणारही नाही — पण भरलेत, नाहीतर तुम्ही पहाटे पाड्यावरून निघून, चोपड्याला गाडी बदलून, जळगावच्या स्टँडवरून इथं मेहरूणपर्यंत पायी चालत माझ्या वर्कशॉपच्या पायरीवर येऊन बसले नसते. आणि मागता काय? तर मोडक्या धनुष्याचे तुकडे! काल तुमच्या शाळेतल्या मास्तरांनी फोन लावून दिला तेव्हाच सांगितलं ना मी, तुकडे माझ्याकडे नाहीत, धुळ्याच्या कॉलेजवाल्यांनी ठेवून घेतले. तरी आलेच. चहा घ्या. नको? बरं, असू द्या तिथं, निवेल. तुमचं नेहमीचंच — हवं ते मिळेपर्यंत दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही. तीन वर्षांत एवढं तर कळलं मला.

मला बोलू द्या आधी. तुम्ही तसेही बोलत नाही, बघत बसता नुसते, आणि समोरच्याला वाटतं आपणच गुन्हा केला. झुलालभाऊ तुमचा सख्खा धाकटा भाऊ, एका अंगणात दोन घरं, आणि चार महिने तो तुमच्या घरचं पाणी पीत नाही — वाईट आहे, मान्य. त्याच्या पोरीचा डोळा गेला, बाप कुणावर तरी चिडणारच. पण त्यात मी काय करू? धनुष्य मोडलं. लाकूड आहे, मोडतं. आणि लाकूड कुणी निवडलं होतं? तुम्ही. एवढंच मी सांगितलं त्या दिवशी धुळ्याला. पत्रकार समोर, प्राचार्य समोर, मंडपात खाली रक्त, पोरी ओरडतायत — कुणीतरी विचारलं, काठी कुणाची? मी म्हटलं, हिलाल आबांनी निवडलेली. यात खोटं काय? सांगा की. एक अक्षर खोटं दाखवा. झुलालभाऊनं ते तिसऱ्याच्या तोंडून ऐकलं, त्याला मीठमिरची लागली, हा माझा दोष?

आता तो म्हणतो, पहिली ओढ तुम्ही दिली होती. तुम्ही म्हणता, मी ते धनुष्य डोळ्यांनी पाहिलंसुद्धा नाही. तो म्हणतो, हिलाल भित्रा आहे, हात राखून ओढलं आणि पोरीच्या हातात दिलं. कोण खरं, कोण खोटं — तुम्ही दोघे भाऊ, तुमचं तुम्ही बघा. मला का मध्ये ओढता?

रिवाज मला माहीत आहे, आबा. मीच तर तो जगाला सांगितला! ज्यानं काठी निवडली त्यानंच धनुष्य पहिल्यांदा ओढायचं, पुरतं, कानापर्यंत — मोडायचं असेल तर निवडणाऱ्याच्या तोंडावर मोडू दे. तुमच्या हनुवटीवरचा तो वण दाखवून मी हे प्रत्येक भाषणात सांगतो. लोक टाळ्या वाजवतात. पुण्यात एक बाई रडल्या, खोटं सांगत नाही, उठून पुढे आल्या आणि म्हणाल्या, याला म्हणतात जबाबदारी, आमच्या इंजिनिअरांनी पूल बांधताना हे केलं असतं तर! माहितीपत्रकात तुमचा फोटो टाकला, पानभर. नाव टाकायला जागा उरली नाही, पण चेहरा तर आहे ना? नावात काय ठेवलंय, चेहराच बोलतो. तुमच्या पाड्याबाहेर तुम्हाला कोण ओळखत होतं? वैजापूरच्या बाजारात काठ्या विकत होते तुम्ही, कुऱ्हाडीचे दांडे, खाटेचे पाय! धामणीच्या लाकडाचे दांडे! सोन्याच्या विटांनी चूल मांडावी तसं.

मी नोकरी सोडली या कामासाठी. पाइपाच्या कंपनीत होतो — प्लास्टिक, प्लास्टिक, दिवसभर प्लास्टिक, घरी आलो तरी शर्टाला वास. वडील बोलायचे बंद झाले. मावशी म्हणाली, पोरगं इंजिनिअर झालं आणि आता जंगलात बाण मारतंय. ऐकून घेतलं सगळं. का? कारण मला दिसत होतं की हे मरतंय. शाळाशाळांमध्ये पोरं कुठली धनुष्यं घेऊन उभी असतात — कारखान्यातली, साच्यातली, सगळी एकसारखी, ज्यांना ना झाड माहीत ना डोंगर. आणि इकडे सातपुड्यात एक म्हातारा माणूस सालीवरून हात फिरवून सांगतो की आत काय आहे. हे वाचवायला नको? कुणी वाचवायचं? तुम्ही? तुम्हाला तर हे वाचवण्यासारखं काही आहे हेच माहीत नव्हतं.

ते तीन दिवस आठवतात तुम्हाला? दिवाळीनंतरचे. एकशे चौदा झाडं पाहिली आपण, मी वहीत लिहीत होतो. तुम्ही प्रत्येक धामणीपाशी थांबायचे, सालीवर तळहात ठेवायचे — सालीच्या रेषा वळत गेल्या की आतला धागाही वळलेला, चला पुढे. ओढ्याकाठची नको, ती पाणी पिऊन वाढलेली, फुसकी. खडकातून वर आलेली, वर्षावर्षाला बोटभर वाढलेली, उपाशी राहिलेली, ती हवी. छातीपासून वर वावभर एकही फांदी नको. मग कुऱ्हाडीच्या पाठीनं एक टोला आणि कान लावून उभे. माझे पाय फुटले होते, कुसळं काय, काटे काय, आणि तुम्ही एकशे चौदांतून निवडली किती? चार! मी म्हटलं, आबा, ती बघा किती सरळ आहे. तुम्ही म्हणाले, दिसते. बस, एवढंच. दिसते. दुसऱ्या दिवशी मी त्या एका शब्दावर चार पानं लिहिली.

आणि तोडल्यावर करवत नाही लावायची. लाकडी पाचरी ठोकायच्या, मग लाकूड स्वतःच सांगतं कुठून फाटायचं. टोकांना शेणमाती लिंपायची, म्हणजे टोकं तडकत नाहीत. चुलीवरच्या माळ्यावर, धुरात, दोन पावसाळे. साल काढताना खालचा पहिला थर सोलायचा नाही, ती धनुष्याची पाठ, तिच्यावर नख लागलं तरी धनुष्य ते लक्षात ठेवतं. बघा, पाठ आहे की नाही मला सगळं? तुमच्या पोरांना येईल का हे म्हणून दाखवता? तुमचा मोठा तर सुरतेला फरशा बसवतो. मग सांगा, तुमचं ज्ञान आज कुणाकडे आहे? तुमच्याकडे की माझ्याकडे?

मग त्यात माझं चुकलं असेल तर एवढंच की मी वाट बघत बसलो नाही. दोन पावसाळे! आबा, फेब्रुवारीत कार्यक्रम. धुळ्याचं कॉलेज, चार जिल्ह्यांतून माणसं, आणि माझ्याकडे धनुष्य एकही नाही. आधीची सगळी तुमच्या माळ्यावरच्या जुन्या काठ्यांची होती, वर्षानुवर्षं धूर खाल्लेल्या, त्या संपल्या. मी काय सांगू लोकांना, की थांबा, आबांची चूल अजून पुरती धुमसली नाही? जगात काही वेळेवर करायचं असतं की नाही? तुम्ही नव्हते तेव्हा मी तुमच्या माळ्यावरून त्या चार काठ्या काढून आणल्या, हो, आणल्या. तुमच्या घरात वहिनी होत्या, त्यांना सांगूनच आणल्या. वहिनी नको म्हणाल्या, पण मोठ्यानं नाही म्हणाल्या.

मनन आहे ना, माझा मित्र, त्याच्या डाळमिलमध्ये ड्रायर आहे, ओली तूर सुकवायचा. तीन दिवस ठेवल्या त्यात. तीनच दिवस. दोन पावसाळे म्हणजे तरी काय हो शेवटी — पाणी बाहेर काढायचं. पाणी तीन दिवसांत निघालं तर तुमच्या चुलीचा अपमान होतो का? मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे, ओलावा मोजायचं यंत्र लावून मोजला, आकडा आहे माझ्याकडे. दोन काठ्या तिथंच तडकल्या. टोकापासून मधोमध, असा आवाज आला म्हणे की हमाल बाहेर पळाले. मनन हसत होता — ललित, तुझं लाकूड शिव्या देतंय. तिसरी वाकडी झाली, ती एका साहेबांना भिंतीवर लावायला दिली, त्यांना आवडली. राहिली चौथी. ती सर्वांत लांब, सर्वांत देखणी. तुम्हीच म्हणाले होते तोडताना, ही मागून घ्यायची, हिला तिसरा पावसाळाही लागेल. आता ही काय बोलायची पद्धत झाली? कारण सांगायचं नाही, आकडा सांगायचा नाही, आणि मग म्हणायचं ऐकलं नाही.

असं बघू नका.

आऱ्यावर कापली, हो. पाचरींनी फाडायला बसलो असतो तर अजून आठ दिवस गेले असते, आणि पाचर कुठं घालायची ते तुमच्याशिवाय कुणाला येत नाही. वखारीतल्या माणसानं पाच मिनिटांत कापून दिली, सरळ, दोरीसारखी. पाठीवर थोडासा धागा कापला गेला असेल. थोडासा. तुम्हाला दिसला असता, मला नाही दिसला. म्हणजे नंतर दिसला. केसाएवढी रेघ होती मुठीच्या वर, चार बोटांवर. केस सुद्धा जाड म्हणावा अशी. मी भुसा आणि सरस भरला तिच्यात आणि वरून लाल दोरा गुंडाळला, गच्च, दोन बोटं रुंद, आणि इतकं सुंदर दिसलं ते की प्राचार्यांनी विचारलं, ही तुमची पारंपरिक नक्षी का? मी म्हटलं — जाऊ द्या मी काय म्हटलं ते.

हे मी तुम्हाला का सांगतोय? कारण मी लपवत नाही काही! ज्याच्या मनात पाप असतं तो असा बसून सांगतो का? आता तुम्ही म्हणाल, तेच तर, तुकडा झुलालच्या हातात दिला की त्याला कळेल, आऱ्याचे दात आहेत पाठीवर, आत लाकूड करपलेलं आहे, हे हिलालच्या माळ्यावरचं नाही. कळेल, बरोबर आहे, झुलालभाऊलाही लाकूड कळतं, तुमचाच भाऊ आहे. पण पुढे काय? तुमचं नाव धुऊन निघेल, तुम्ही दोघं एका ताटात जेवाल, आणि माझा प्रकल्प? वीस पोरं शिकतात इथं. बंद करू? एका म्हाताऱ्याला त्याच्या भावाच्या घरचं पाणी मिळावं म्हणून? जरा मोठा विचार करायला शिका हो. तुमचं आयुष्य किती राहिलं — रागावू नका, खरं बोलतोय. तुमचं नाव तुमच्याबरोबर जाणार. ही कला राहिली पाहिजे.

आणि कोकिळा, झुलालभाऊची पोर, तिच्याबद्दल मला वाईट वाटत नाही असं समजू नका. हुशार पोरगी. पोलिस भरतीची तयारी करत होती, धावायला एक नंबर. मीच निवडलं होतं तिला, फोटोत छान येते, नेसली पण होती अगदी तुमच्याकडचं, हातात चांदीची कडी. दुसरा डोळा शाबूत आहे ना? तेच तर म्हणतो. नेम धरताना आपण एक डोळा मिटतोच की. — अहो, गंमत केली. गंमत. हसायचं नसेल तर नका हसू. तुम्ही लोक असे दगडासारखे बसता म्हणून माणसाच्या तोंडून काहीतरी निघतं.

आणि ती सुद्धा काही कमी हट्टी नाही. सगळे थांबलेत, माईक चालू, पाहुणे खुर्च्यांवर पुढे सरकून बसलेत, आणि ही धनुष्य हातात घेऊन उभी. ओढेना. मी जवळ गेलो, म्हटलं, काय झालं? तर हळूच विचारते, काकांनी ओढलंय का पहिल्यांदा? काका कधी आले होते जळगावला, मला बोलले नाहीत. आता तुम्हीच सांगा, माझ्या जागी तुम्ही असते तर काय केलं असतं? दोनशे माणसं. मी म्हटलं, हो. ओढलंय. परवाच येऊन गेले काका, कानापर्यंत ओढून बघितलं, म्हणाले कोकिळालाच दे. मग हसली ती. असा हात फिरवला धनुष्यावर, तुम्ही फिरवता तसा, आणि —

काय?

नाही, मी तसं नाही म्हणालो. मी म्हणालो काकांनी बघितलंय. काठी बघितलीच होती ना तुम्ही? जंगलात बघितली होती. तीच गोष्ट झाली. तिला ऐकू आलं तसं ऐकू आलं, मंडपात स्पीकर वाजत होता. तिनं बापाला काय सांगितलं ते तिचं तिला माहीत. मी तुमच्या भावाकडे जाऊन म्हणालो का, की हिलाल खोटं बोलतोय? तो स्वतःहून तसं समजला. समजू दिलं मी — समजू देणं म्हणजे सांगणं नव्हे. हे बघा, आबा, बसा. बसा म्हणतो ना. कुठे निघाले? पाड्यावर जाऊन सांगणार? कोण ऐकणार आहे तुमचं? चार महिने तुम्ही सांगताच आहात की मी ओढलं नाही, कुणी ऐकलं? पोरगी म्हणते ओढलं. तिचा एक डोळा गेलाय, लोक तिचं ऐकणार की तुमचं? आणि दुसरं सांगतो, मनात नव्हतं पण सांगतो. ती चार झाडं कुठली होती? कुणाच्या परवानगीनं तोडली? वनखात्यातले एक ओळखीचे आहेत माझ्या, येतात अधूनमधून धनुष्यं बघायला. मी त्यांना कधी काही बोललो नाही. पुढेही बोलणार नाही. तुम्ही नीट राहिले तर.

चला, विषय संपवू. भांडून काय मिळणार. तुम्हाला येणाऱ्या दिवाळीनंतर परत माझ्याबरोबर जंगलात यायचं आहे, मला अजून वीस काठ्या लागतील. पुढच्या माहितीपत्रकात नाव टाकू तुमचं. मोठ्या अक्षरात टाकू. हिलाल आबा, काष्ठतज्ज्ञ. कसं वाटतं? वाचून दाखवेन मी.

काय हे. बोट कशाला दाखवता? त्या खोलीत भंगार आहे सगळं. तुकडे धुळ्याला आहेत म्हटलं ना. — बरं, बरं, तिथं नसतील, इथंच कुठेतरी असतील, आम्ही गाडीत टाकून आणलं होतं सगळं एकत्र, मला काय प्रत्येक फळकुट लक्षात राहतं का? विश्वास नाही ना माझ्यावर? ठीक आहे. तुमच्यासमोर शोधू. उद्या गावभर सांगत फिरू नका की ललितनं बघू सुद्धा दिलं नाही. एवढा स्वच्छ आहे मी. थांबा तिथंच, चपला काढू नका, आत घरात विचारतो. आई! ए आई! अगं मागच्या खोलीतलं ते मोडकं धनुष्य कुठे आहे? फेब्रुवारीतलं, धुळ्याचं! बघ जरा नीट, पोत्यांच्या मागे बघ, शोध! — ऐकलं ना, शोधायला सांगितलंय. सापडलं तर न्या, मी कुठे नाही म्हणतो. सापडलं तर लगेच —

"कोणतं रे भाऊ? ते तर सकाळी तूच बंबात घालायला दिलं. त्याच पाण्यानं आंघोळ केली की तू."